वेग आणि वळण : एका मोटारीच्या आठ पिढ्या

मोटारीचे चित्र हाती पडले की "ही ताशी किती धावते?" हा प्रश्न मुलांच्या तोंडून प्रथम बाहेर पडतो. असा प्रश्न विचारणारे शंभर भेटतात, पण "ही वळते कशी?" असे विचारणारा एखादाच. वास्तविक पाहता दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे. सरळ रस्त्यावर गाडी पळविण्यास बलवान इंजिन पुरते. परंतु वळणावर तिला आवरण्यास आणि भर वेगात तिला सरळ राखण्यास निसर्गनियमांचे ज्ञान लागते. ज्याने हे ज्ञान मिळविले नाही त्याला निसर्ग क्षमा करीत नाही, मग तो गाडी बांधणारा असो वा हाकणारा.

हा विषय नीट समजावा म्हणून आपण एकाच मोटारीचा इतिहास पाहू. जर्मनीतील स्टुटगार्ट शहरच्या पोर्शे कारखान्याने १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात एक नवी शर्यती ढंगाची मोटार मांडली. तिचे नाव प्रथम ९०१ होते; पण मध्ये शून्य असलेल्या तीन अंकी नावावर फ्रान्समधील प्यूजो कंपनीने आपला हक्क सांगितला, तेव्हा ते बदलून ९११ असे केले गेले. त्या दिवसापासून २०१८ सालापर्यंत या मोटारीच्या आठ पिढ्या झाल्या. आकृती ओळखीची राहिली, नाव तेच राहिले आणि इंजिनाची जागाही तीच राहिली. म्हणून एकीची दुसरीशी तुलना करावयास इतके सोयीचे उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

दोन निरनिराळे गुण

प्रथम दोन गुणांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. चालकाने स्टिअरिंगचे चाक फिरविताच गाडीने तत्परतेने व मोजकेच वळावे, हा तिचा आज्ञाधारकपणा होय. वाऱ्याचा झोत आला, रस्त्यात उंचवटा लागला किंवा चालकाचा हात किंचित हलला, तरी गाडीने आपली दिशा सोडू नये, हे तिचे स्थैर्य होय. हे दोन्ही गुण एकमेकांशी थोडेसे भांडतात. जी गाडी चटकन वळते ती चटकन बिथरण्याचाही संभव असतो. आणि जी अत्यंत स्थिर असते ती वळताना आळस करते. चांगल्या शिल्पज्ञाचे कौशल्य या दोहोंचा समेट करण्यात आहे.

याच्या मुळाशी न्यूटनचा पहिला नियम आहे. गतिमान वस्तू सरळ रेषेतच जाऊ इच्छिते. तिला वळवावयाचे तर आतल्या बाजूस ओढणारी प्रेरणा हवी. मोटारीच्या बाबतीत ही प्रेरणा देणारे जगात एकच ठिकाण आहे, ते म्हणजे टायर जेथे रस्त्याला टेकतो तो हाताच्या पंजाएवढा भाग. असे चार पंजे रस्ता धरून असतात. साऱ्या मोटारीचे, आणि तीत बसलेल्यांचे, भवितव्य त्यांच्या पकडीत असते.

ही पकड किती लागते याचा हिशेब करून पाहा. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीस दर सेकंदास सुमारे २.८ मीटर प्रति सेकंद इतके केंद्राकडील त्वरण लागते. वेग ताशी १२० केला की ते दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणजे सुमारे ११.१. पृथ्वीचे गुरुत्वत्वरण ९.८ आहे. साधा टायर कोरड्या रस्त्यावरही बहुधा याहून कमीच पकड देऊ शकतो. ओल्या रस्त्यावर तर पुष्कळच कमी. म्हणजे ज्या वळणावर साठाचा वेग मुलांच्या खेळासारखा वाटतो, त्याच वळणावर एकशेवीसचा वेग साध्या गाडीस अशक्य असतो. चालकाचे धैर्य, गाडीची किंमत किंवा कारखान्याची कीर्ती यांपैकी कशानेही हा गुणाकार बदलत नाही.

घरी करण्याजोगा एक प्रयोग

पकड पुढच्या चाकांची सुटली तर काय होते आणि मागच्या चाकांची सुटली तर काय होते, हे घरच्या घरी पाहता येते. खेळण्यातील एक छोटी मोटार घ्या. एक गुळगुळीत फळी तिरपी ठेवा. प्रथम मोटारीची पुढची दोन चाके चिकटपट्टीने घट्ट बांधा, म्हणजे ती फिरणार नाहीत. आणि गाडी नाक खाली करून फळीवरून सोडा. ती घसरत घसरत पण सरळ खाली येईल. आता पुढची चाके मोकळी करून मागची दोन बांधा व पुन्हा तशीच सोडा. या वेळी अर्ध्या वाटेवरच ती गर्रकन फिरेल आणि शेपूट पुढे करून खाली येईल.

याचे कारण सोपे आहे. फिरणारे चाक बाजूस सरकण्यास विरोध करते. घसरणाऱ्या चाकाची ती शक्ती जाते. पुढची चाके घसरली, तर मागची चाके बाणाच्या पिसांप्रमाणे गाडीस सरळ धरून ठेवतात. मागची घसरली, तर हीच पिसे जणू बाणाच्या टोकाला बांधल्यासारखी होतात आणि बाण उलटा फिरतो. यावरून एक महत्त्वाचा सिद्धान्त निघतो : मोटारीचा आज्ञाधारकपणा पुढच्या चाकांवर अवलंबून असतो, पण तिचे स्थैर्य मागच्या चाकांच्या हाती असते. पुढची वाट चुकली तर गाडी वळणाच्या बाहेर सरळ जाते, आणि वेग कमी करताच बहुधा ताब्यात येते. मागची सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि मग सामान्य चालकाचा इलाज चालत नाही.

पहिली पिढी : जन्मजात दोष

आता ९११ कडे वळू. हिचे सहा नळकांड्यांचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, अगदी शेपटाशी बसविलेले होते. फर्डिनंड पोर्शे यांनी फोल्क्सवागेन या जर्मन लोकांच्या छोट्या मोटारीत तसे केले होते, आणि त्याच घराण्यात ही वाढली. या रचनेचे काही लाभ खरेच आहेत. ढकलणाऱ्या चाकांवर भार असल्याने गाडी निघताना चाके जागच्या जागी फिरत नाहीत. ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो. इतर गाड्यांत तेव्हा मागची चाके हलकी पडून निरुपयोगी होतात, पण हिच्यात चारही चाके काम करतात.

परंतु तोटे तितकेच गंभीर होते. आपल्याकडील गाडीवान बैलगाडी भरताना माल मागे फार ठेवीत नाही. कारण मग गाडी उलाळते आणि बैलांच्या मानेवरचे जू वर उचलले जाते. ९११ च्या बाबतीत थोडेसे असेच झाले. तिच्या वजनाचा सुमारे तीन-पंचमांश भाग मागच्या चाकांवर होता. पुढची चाके हलकी पडल्यामुळे भर वेगात वारा आडवा आला की नाक इकडे-तिकडे भरकटे. मागच्या चाकांवर भार अधिक असला तरी त्यांचे टायर पुढच्यांइतकेच अरुंद होते. टायरावरील भार दुप्पट केला म्हणून त्याची पकड पूर्ण दुप्पट होत नाही. म्हणून जड शेपटास वळणावर धरून ठेवण्याचे काम त्या टायरांस झेपत नसे. शिवाय पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर केवळ २,२११ मिलिमीटर होते. आखूड काठी जशी झटकन फिरते तशी ही गाडी झटकन फिरे.

यातून एक चमत्कारिक धोका निर्माण झाला. नवखा चालक वेगाने वळणात शिरला आणि मध्येच भ्याला, तर तो काय करील? स्वाभाविकपणे पाय मागे घेईल. पण पाय उचलताच गाडीचा वेग मंदावतो, भार पुढे झुकतो, मागचे टायर हलके होतात व त्यांची पकड घटते. नेमक्या त्याच क्षणी शेपटातील जड इंजिन बाहेर फेकले जाऊ पाहते. आपला फळीवरचा प्रयोग येथे रस्त्यावर घडतो. म्हणजे संकटातून वाचण्यासाठी केलेली कृतीच संकटास आमंत्रण देई. या गाडीच्या अनुभवी चालकांचा म्हणूनच एक दंडक होता : वळण येण्याआधी वेग उतरवावा, वळणात शिरल्यावर पाय स्थिर ठेवावा आणि रस्ता सरळ दिसू लागताच हळूहळू वेग वाढवावा. ज्याने हा क्रम पाळला त्याला ती गाडी अतिशय प्रिय झाली. ज्याने मोडला त्याला तिने शिक्षा केली.

दोष कबूल करणे

कारखान्यातील लोकांस हा दोष ठाऊक होता. त्यांचा पहिला उपाय ऐकून हसू येईल. पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत त्यांनी सुमारे अकरा-अकरा किलोग्रॅम वजनाचे बिडाचे ठोकळे बसविले! शर्यती ढंगाच्या गाडीत, जेथे तोळातोळा वजन वाचवावयाचे, तेथे मुद्दाम वजन घालणे म्हणजे आपली चूक चारचौघांत मान्य करणेच होय. हा उपाय तात्पुरता होता. परंतु दोष झाकण्यापेक्षा तो ओबडधोबड रीतीने का होईना दूर करण्यास आरंभ झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

खरी सुधारणा १९६८ साली झाली. इंजिन जागच्या जागी ठेवून मागची चाकेच ५७ मिलिमीटर मागे नेण्यात आली. अंतर २,२६८ मिलिमीटर झाले. चाके मागे गेली म्हणजे इंजिन चाकांच्या मानाने तितके पुढे आले. त्याच सुमारास एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत बसविल्या, आणि इंजिनाचा सांगाडा मॅग्नेशियमच्या हलक्या मिश्रधातूचा केला. पुढे उपयोगी वजन आले, मागचे घटले. बिडाच्या ठोकळ्यांचे काम उरले नाही. ५७ मिलिमीटर म्हणजे चार बोटे रुंदीपेक्षाही कमी. पण तेवढ्याने गाडीचा स्वभाव पालटला.

पुढे १९७१ साली तेलाची टाकीही मागच्या चाकाच्या पुढे आणली गेली. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे अगदी योग्य होते. परंतु तेल ओतण्याचे झाकण गाडीच्या उजव्या कुशीवर, बाहेरून उघडणारे होते, आणि पेट्रोल भरणाऱ्या लोकांनी चुकून त्यातच पेट्रोल ओतण्यास सुरुवात केली! एका वर्षातच टाकी पुन्हा पूर्वीच्या जागी गेली. यंत्र बांधणाऱ्याने केवळ निसर्गाचे नियम जाणून भागत नाही. माणसाचा स्वभावही जाणावा लागतो, हे यावरून शिकावे.

वारा : अदृश्य शत्रू

वळणाचा प्रश्न सुटू लागला तसा दुसरा पुढे आला. वेगवान मोटारीची पाठ वरून फुगीर असते. तिच्यावरून वाहणाऱ्या हवेचा वेग वाढतो व दाब कमी होतो; विमानाच्या पंखावर घडते तसेच थोड्या प्रमाणात येथे घडते, आणि गाडी वर उचलली जाऊ लागते. ही उचलही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटरला ती जितकी, त्याच्या चौपट ती २०० ला. म्हणजे ज्या वेळी पकडीची गरज सर्वांत अधिक, त्याच वेळी टायरांवरचा भार कमी होतो.

१९७१ साली ९११ च्या एका प्रकारास पुढच्या बंपरखाली वारा अडविणारी ओठासारखी पट्टी देण्यात आली. १९७२ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात ‘कॅरेरा आर एस’ नावाची गाडी मांडली गेली. तिच्या मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला भाग होता. लोकांस तो शोभेचा वाटला. पण त्याचे काम वाऱ्याची उचल कमी करून मागची चाके रस्त्यावर दाबून ठेवण्याचे होते. शिवाय या गाडीचे मागचे टायर पुढच्यांहून रुंद होते, म्हणजे जड शेपटास अखेर त्याच्या भाराजोगे पाय मिळाले. तिचा कमाल वेग ताशी २४५ किलोमीटर होता. ५०० गाड्या काढण्याचा बेत होता. मागणी इतकी झाली की १,५८० काढाव्या लागल्या.

दुसऱ्या पिढीतील ‘टर्बो’ ही गाडी १९७४ साली आली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवून अधिक हवा आत कोंबण्याची ही युक्ती. चालकाने पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नसे. मग एकाएकी शक्तीचा लोंढा येई. वळणाच्या मध्यावर तो आला, तर मागच्या चाकांची पकड सुटे. इंग्रजी बोलणाऱ्या लोकांनी तिला ‘विधवा करणारी’ असे भयंकर टोपणनाव दिले. शक्ती मिळविणे सोपे असते. ती योग्य वेळी व योग्य प्रमाणात मिळविणे कठीण असते, याचे हे उदाहरण होय.

एक कटू उदाहरण

वाऱ्याच्या उचलीकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे दुसऱ्या एका जर्मन गाडीच्या इतिहासावरून कळते. आउडी कारखान्याची ‘टीटी’ ही गाडी १९९८ साली बाजारात आली. तिची गोलाकार आकृती सर्वांस मोहक वाटली. हिचे इंजिन पुढे होते, म्हणजे ९११ चा जन्मदोष हिच्यात नव्हता. तथापि जर्मनीच्या द्रुतगती महामार्गांवर अतिवेगात एकाएकी दिशा बदलताना मागचा भाग सुटून अपघात झाले, आणि त्यांत माणसे दगावली. तेव्हा कारखान्याने विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांना मागे वारा दाबणारी पट्टी बसविली, स्प्रिंगांच्या जोडणीत फेरफार केले आणि घसरण आवरणारी विद्युत-यंत्रणा दिली. २००६ साली आलेल्या दुसऱ्या पिढीत तर ताशी १२० किलोमीटरच्या पुढे मागची पट्टी आपोआप वर येण्याची सोय करण्यात आली. मूळ सुंदर रेषेवर एक साधी पट्टी लावणे आकृतिकारास खटकले असेल; पण जी सुंदरता मनुष्याच्या प्राणाचे रक्षण करीत नाही ती अपुरीच म्हटली पाहिजे.

तिसरी आणि चौथी पिढी

१९८८ साली ९११ ची तिसरी पिढी आली. बाहेरून ती जुन्यासारखीच दिसे, पण आतील बहुतेक भाग नवे होते. पिळाच्या दांड्यांऐवजी वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या. जोराने ब्रेक दाबला तरी चाके अडकून घसरू नयेत अशी यंत्रणा आली. चाक घसरले की ते वळविता येत नाही, हे आपण प्रयोगात पाहिलेच आहे. तिच्या प्रथम आलेल्या ‘कॅरेरा ४’ या प्रकारात चारही चाकांना शक्ती देण्याची व्यवस्था होती : ३१ टक्के पुढे व ६९ टक्के मागे. मागच्या झाकणावरील पट्टी ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगास आपोआप वर येई आणि गाडी मंदावली की खाली बसे. हळू चालताना आकृती स्वच्छ राही, आणि जेव्हा वारा बलवान होई तेव्हाच पट्टी आपले काम करी.

१९९३ साली चौथी पिढी आली. मागच्या चाकांना धरणाऱ्या जुन्या तिरप्या भुजांचा एक दोष होता : भार कमी-अधिक झाला की चाकाचे तोंड किंचित बाहेर वळे. ही हालचाल अत्यल्प असे. पण ती नको त्या क्षणी होई. नव्या रचनेत प्रत्येक चाकास अनेक भुजांनी अशा रीतीने धरले की पाय उचलल्यावर ते बाहेर न वळता योग्य दिशाच राखील. भीतीने पाय मागे घेणाऱ्या चालकास ही गाडी पूर्वीसारखी शिक्षा करीनाशी झाली. तीस वर्षांचा तो जुना धोका यांत्रिक उपायाने बहुतांशी शमला तो येथे. हवेने थंड होणारे इंजिन असलेली ही शेवटची पिढी. १९९८ साली तिचे उत्पादन थांबले.

पाचवी ते आठवी : विद्युत-पहारेकरी

१९९७ साली पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची पाचवी पिढी आली. चाकांमधील अंतर २,३५० मिलिमीटर झाले. लवकरच तिच्या चारही चाकांनी ओढणाऱ्या प्रकारात एक विलक्षण पहारेकरी बसविण्यात आला. गाडी किती वळत आहे आणि चालकाला किती वळावयाचे आहे याची तो सतत तुलना करतो. शेपूट बाहेर जाऊ लागले की बाहेरच्या बाजूच्या पुढच्या एकाच चाकाचा ब्रेक तो आपण होऊन लावतो. नाक बाहेर जाऊ लागले तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाचा. माणसाच्या पायाखाली ब्रेकची पट्टी एकच असते; हा पहारेकरी चार चाकांना चार निरनिराळ्या आज्ञा देऊ शकतो.

२००४ च्या सहाव्या पिढीत रस्त्याप्रमाणे कडक वा मऊ होणारे धक्काशोषक आले. २०११ च्या सातव्या पिढीत चाकांमधील अंतर आणखी १०० मिलिमीटरांनी वाढून २,४५० झाले. या पिढीच्या २०१३ साली आलेल्या ‘जीटी ३’ या प्रकारात मागची चाकेही किंचित वळू लागली. ताशी ५० किलोमीटरच्या खाली ती पुढच्या चाकांच्या विरुद्ध वळतात, त्यामुळे लांब गाडी आखूड असल्यासारखी चटकन वळते. ८० च्या पुढे ती पुढच्या चाकांच्याच दिशेने वळतात, त्यामुळे तीच गाडी अधिक लांब असल्यासारखी स्थिर राहते. आरंभी म्हटलेले आज्ञाधारकपणा व स्थैर्य यांचे भांडण येथे किती सुंदर रीतीने मिटविले आहे, ते पाहा.

२०१८ साली आठवी पिढी पुढे आली. पुढच्या चाकांच्या कमानीत बसविलेले ध्वनिग्राहक ओल्या रस्त्यावरील पाण्याचे फवारे ऐकतात आणि चालकास सावध करतात. पहिल्या गाडीचे चारही टायर अवघे १६५ मिलिमीटर रुंदीचे होते. आठव्या पिढीच्या ‘कॅरेरा एस’चे पुढचे २४५ व मागचे ३०५ मिलिमीटर रुंद आहेत. पहिलीचा कमाल वेग ताशी सुमारे २१०, हिचा ३०८. इंजिन मात्र अजूनही मागच्या चाकांच्या मागेच आहे.

काय बदलले, काय बदलले नाही

सारांश, पंचावन्न वर्षांत चाकांमधील अंतर २३९ मिलिमीटर वाढले, टायर रुंदावले, वाऱ्यास अंकित केले गेले, चाकांच्या भुजा सुधारल्या आणि शेवटी विद्युत-पहारेकरी आला. एकही सुधारणा एकटीने पुरेशी नव्हती. इंजिन पुढे किंवा मध्ये नेऊन हा प्रश्न एका फटक्यात सोडविता आला असता. परंतु या लोकांनी आपला वारसा न टाकता त्यातील दोष पिढ्यान् पिढ्या चिकाटीने दूर केले. आपल्या स्वभावातील दोषही बहुधा एका दिवसात जात नाहीत. ते ओळखून, त्यांचा विचार करून, ५७ मिलिमीटर का होईना रोज मागे सारावे लागतात.

परंतु येथे एक इशारा देणे अवश्य आहे, आणि तो पालकांनीही वाचावा अशी विनंती आहे. जुनी गाडी मर्यादेजवळ येताच चालकास कळविई : स्टिअरिंग हलके पडे, शेपूट थरथरे, टायर ओरडत. नवी गाडी पुष्कळ वेळ शांत राहते. तिच्या शांततेमुळे वेग कमी भासतो, आणि चालकाला वाटते की मर्यादाच उरली नाही. वस्तुतः मर्यादा नाहीशी झालेली नसते, ती दूर गेलेली असते. आणि जेव्हा ती येते तेव्हा अधिक वेगात येते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी उत्तम ब्रेकांनी सुमारे ४८ मीटरांत थांबत असेल, तर २०० च्या वेगास तिला सुमारे १९३ मीटर लागतील. आणि चालक सावध होईपर्यंतच्या एका सेकंदात ती आणखी ५६ मीटर पुढे गेलेली असेल. पहारेकरी कितीही दक्ष असला तरी टायरांत नसलेली पकड तो कोठून आणणार? तो हाती असलेली शिदोरी योग्य रीतीने वाटून देतो. तिच्यात एका घासाचीही भर घालू शकत नाही.

आपल्या देशात मोटार हाकण्याचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून मिळत नाही. तोपर्यंतची वर्षे फुकट आहेत असे समजू नका. आज शाळेत शिकता तो न्यूटनचा नियम व वर्गाचा गुणाकार उद्या घाटातील वळणावर तुमच्या व तुमच्या शेजारी बसलेल्या आईबापांच्या प्राणांचे रक्षण करणार आहे. स्वतःच्या गाडीला सुधारावयास तुम्हांस कारखाना नको; वळणाआधी पाय मंद करण्याची एक सवय पुरे. उत्तम चालकाची परीक्षा संकटातून सुटण्यात होत नाही. संकट ज्या वेगात जन्मास येते त्या वेगास तो पोचतच नाही, यात होते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ व ताशी ७२ किलोमीटर वेगांस लागणारे केंद्राकडील त्वरण काढा. दुसरे पहिल्याच्या किती पट आहे?

२. खेळण्यातील मोटारीचा प्रयोग करून पाहा. चाके मोकळी ठेवून गाडीच्या मागच्या टोकास व नंतर पुढच्या टोकास मातीचा गोळा चिकटवून तोच प्रयोग करा, आणि काय फरक पडतो ते वहीत टिपा.

३. पुढच्या चाकांची पकड सुटणे व मागच्या चाकांची सुटणे, यांत सामान्य चालकास अधिक धोक्याचे कोणते? कारणे द्या.

४. "मर्यादा दूर गेली, नाहीशी झाली नाही," या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा, आणि तो मोटारीवाचून दुसऱ्या एखाद्या गोष्टीस लावून दाखवा.